फ्रिजमधली मेथी

याडी,

तू आमचं यवतमाळचं घर सोडून तांड्यावर परत गेली, त्याले आठवडा झाला. आज फ्रिज साफ केला, तं तुही मेथी सडलेली निघाली.

रोज तू फाटकावर जाऊन मानीबाईजवळून भाजी घेत होती. मी चिडलो, "गरज नसताना कायले आणतं? निस्ती हौस!" मंग तुले न सांगता मानीबाईले येऊ नको म्हटलं. तू तरी फाटकावर उभी राहत होती. पुढं तुहं जेवण तुटलं, तं मी टॉनिक आणून देलं.

आज मानीबाई रस्त्यात भेटली. तिनं आपल्या तांड्याच्या गोरबोलीत तुही खुशाली विचारली, तवा मले उमगलं, तू भाजीसाठी जातच नव्हती. घरात सून, नातवंडं, मी, सगळे तुह्याशी मराठीतच बोलत होतो.

बाजूले माह्ये साहेब उभे होते. "आई बरी आहे," मी मानीबाईले मराठीत म्हटलं.

हे पत्र आपल्या बोलीत लिहाले बसलो होतो. वरच्या 'याडी' या एका शब्दापुढं सरकलंच नाही. म्हणून टपालात टाकत नाही.

तुहा,
उल्हास