‘(हशा)’ या नोंदीवरून उद्या नष्ट होणाऱ्या एकतीस ध्वनिफितींबाबत

दिनांक : १४, दुपारी ३.४०
(हातपोच. अत्यंत तातडीचे.)

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : अमेरिकन लोकप्रिय संस्कृती अभ्यास विभागाकडे जमा केलेल्या ३१ ध्वनिफिती (कॅसेट) उद्या सकाळी ११ वाजता नष्ट करण्याच्या आदेशास स्थगिती मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे निर्लेखनाचे (साहित्य नष्ट करण्याचे) पत्र, दि. ९. २) साहित्य तपासणी समितीचे इतिवृत्त, पृष्ठे १ ते ४. ३) माझे यापूर्वीचे पाच अर्ज, ज्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. मी वरील विभागाची पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. वय ४९. दिवसा श्रवण तपासणी केंद्रात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करते. लोकांच्या कानाला यंत्र लावून त्यांना किती ऐकू येते हे मोजणे, हे माझे काम. माझ्या प्रबंधाचा विषय अमेरिकन दूरदर्शनवरील विनोदी मालिका आणि त्यांतील प्रेक्षकांचे हसणे असा आहे. हा विषय ऐकून आपल्या कार्यालयातील कर्मचारी गालातल्या गालात हसतात. माझी त्याला हरकत नाही, सहा वर्षांत सवय झाली आहे.

२. सदर फिती बाजारातल्या नाहीत. माझी मावशी चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत एका वृद्धाश्रमात परिचारिका होती. त्याच सुमारास इकडे माझ्या आईची दृष्टी गेली. आईची करमणूक व्हावी म्हणून मावशी तिथल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवायची आणि विनोदी मालिका आवाजासकट टिपून पाठवायची. मालिका इंग्रजी. मधूनमधून मावशी आपल्या भाषेत आईला सांगायची, “बघ गं, आता हा दार उघडणार. आता आपटणार बघ.” टीव्हीतले प्रेक्षक हसायचे आणि त्यांच्यामागून मावशी हसायची. अशा सहा वर्षांत एकतीस फिती आल्या.

३. माझे संशोधन थोडक्यात असे : पहिल्या फितीत प्रेक्षक हसल्यावर मावशी सरासरी चार सेकंदांनी हसते. विनोद तिला उशिरा कळतो, किंवा कळतच नाही आणि ती लोकांकडे बघून हसते. पाचव्या फितीपर्यंत हे अंतर अडीच सेकंदांवर येते, बाराव्या फितीत एका सेकंदावर. परका देश माणसाच्या अंगात कसा आणि किती वेगाने मुरतो, हे मी तिच्या हसण्यावरून मोजले आहे. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजले आहे, तक्ते जोडले आहेत. हे संशोधन नाही असे ज्याला म्हणायचे असेल त्याने माझ्यासमोर बसून म्हणावे.

४. मौखिक परीक्षेपूर्वी मूळ साधने अभिलेखागारात जमा करावी लागतात. शिवाय ‘सदर साहित्याची अन्य प्रत अस्तित्वात नाही’ असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मी सरळमार्गी मूर्ख बाई. कामासाठी केलेल्या सगळ्या नकला मी माझ्या हाताने पुसल्या आणि खरे प्रतिज्ञापत्र दिले. त्यामुळे महोदय, जे काही आहे ते आता आपल्या भांडारातल्या एका गोणीत आहे. देताना आईने त्या फिती स्वतः मोजून पिशवीत भरल्या आणि म्हणाली, “विद्यापीठात जातायत ना, मग नीट राहतील.”

५. त्यानंतर आपल्या कार्यालयाने परिपत्रक काढले की ‘निव्वळ करमणुकीच्या स्वरूपाचे’ साहित्य अभिलेखागारात ठेवता येणार नाही. मला पत्र आले : सदर फिती विनोदी नसल्याचा दाखला सादर करावा. मी कळवले की त्या विनोदीच आहेत, विनोदाचा अभ्यास करायचा तर विनोद लागतोच. हे उत्तर ‘असमाधानकारक’ ठरले. मग फिती ऐकून निर्णय देण्यासाठी तीन प्राध्यापकांची समिती नेमण्यात आली : एक रसायनशास्त्राचे (अध्यक्ष), एक विधीचे, एक शारीरिक शिक्षणाचे. तिघेही पुरुष. ही बाब कृपया लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

६. समितीने एकच फीत ऐकली, क्रमांक १९. तिचे इतिवृत्त मला माहितीचा अर्ज करून काल सायंकाळी मिळाले. त्यात ४३ ठिकाणी कंसात ‘(हशा)’ अशी नोंद आहे. त्यावरून निष्कर्ष काढला आहे की, ‘समिती सदस्यांनाच ४३ वेळा हसू अनावर झाल्याने साहित्य करमणुकीचे असल्याचे सिद्ध होते.’ आणि त्यावरून नष्ट करण्याचा आदेश.

७. इतिवृत्त वाचून माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि दुसऱ्या वाचनात मी ताडकन उठले. महोदय, समिती हसलेलीच नाही. कृपया जिवाचा कान करून पुढील मजकूर वाचावा.

गोपनीय बैठकीत लघुलेखिका बाईंनी लाकडी पडद्याच्या पलीकडे बसावे, अशी आपल्याकडे जुनी पद्धत आहे. टेप लावणार आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी आज सकाळी त्यांना भेटले, त्यांनी तसे लेखी दिले आहे (सोबत जोडले आहे). पडद्याआडून जे कानावर पडले ते त्यांनी इमानेइतबारे लिहिले. फितीतले नट बोलले, तेव्हा त्यांनी लिहिले, ‘सदस्यांनी इंग्रजीतून सविस्तर चर्चा केली.’ टीव्हीतले प्रेक्षक हसले, तेव्हा लिहिले, ‘(हशा)’. माझ्या प्रबंधाच्या पान २१२ वरील तक्त्यात फीत क्रमांक १९ मध्ये प्रेक्षकांचे हसणे किती वेळा आहे ते पाहावे. त्रेचाळीस. बाईंच्या कानांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. असे कान माझ्या केंद्रात वर्षातून एकदा येतात.

८. इतिवृत्तात पुढे असेही आहे : ‘महिला सदस्यांनी “आता हा आपटणार बघ” असे मत व्यक्त केले.’ समितीत महिला सदस्य नाहीत. ती माझी मावशी आहे. तिचे निधन होऊन नऊ वर्षे झाली.

९. मी आज दुपारपर्यंत तिन्ही सदस्यांकडे जाऊन आले. विधीचे प्राध्यापक म्हणाले, फीत सुरू होताच त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी प्रामाणिकपणे कबूल केले की पंख्याखाली त्यांचा डोळा लागला. अध्यक्ष महोदयांनी विचार करून सांगितले, “मी हसल्याचं आठवत नाही. पण इतिवृत्तात लिहिलंय आणि खाली माझी सही आहे, म्हणजे हसलोच असेन.” दुरुस्ती करा म्हटले तर म्हणाले, अहवाल दिला त्याच दिवशी समिती बरखास्त झाली, आता दुरुस्ती करायला समितीच नाही. नवी समिती नेमण्याची फाईल आपल्याकडे आहे असे आपले कक्ष अधिकारी म्हणतात. ती अध्यक्षांकडे आहे असे आपले स्वीय सहायक म्हणतात. या टोलवाटोलवीत माझा अख्खा दिवस गेला आणि आता चारला वीस मिनिटे कमी आहेत.

१०. येता येता भांडारात जाऊन आले. गोणीवर खडूने ‘उद्या’ असे लिहिले आहे. भांडारपाल भला माणूस, त्यांनी गोणीचे तोंड सोडून मला बघू दिले. फिती अजून शाबूत आहेत. म्हणाले, “बाई, माझ्या हातात नुसती किल्ली आहे हो. साहेबांची एक ओळ आणा, मी गोणी हलवत नाही.” महोदय, एक ओळ. या अर्जाच्या समासात लिहिली तरी चालेल, मी त्यासाठी उजवीकडे जागा सोडली आहे.

११. घरी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. फिती नष्ट होणार हे मी तिला सांगितलेले नाही. दर रविवारी ती विचारते, “परीक्षा झाली का गं? आता परत देतील ना?” आणि मी म्हणते, देतील. मला आयुष्यात खोटे बोलायची सवय नाही, आणि उद्या अकरानंतर काय बोलायचे हे मला सुचत नाही. पदवी नाही मिळाली तर मी रडेन आणि सोमवारी कामावर जाईन. फिती गेल्या तर काय करेन, मला माहीत नाही.

१२. तरी विनंती की उद्याच्या कार्यवाहीस आजच स्थगिती द्यावी, आणि इतिवृत्तातील चुकीच्या नोंदी वगळाव्यात. त्रेचाळीसपैकी बेचाळीस हशे खुशाल खोडावेत. फक्त पृष्ठ ३ वरील एका ओळीस हात लावू नये : ‘१२.५२ वा. महिला सदस्य एकट्याच हसल्या. त्यानंतर लगेच (हशा).’

ही ओळ बाईंनी माझा प्रबंध न वाचता, मावशीला न ओळखता लिहिली आहे. माझ्या सहा वर्षांच्या मोजणीचा निष्कर्ष हाच आहे. एकोणिसाव्या फितीत, एकाच जागी, मावशी पहिल्यांदा सगळ्या अमेरिकेच्या आधी हसली. त्या दिवशी तिला तो देश कळला. आपल्याच विद्यापीठाच्या शिक्क्याचा कागद तसे सांगतो आहे.

आपल्या दालनाबाहेरील बाकावर, दार उघडण्याची वाट पाहत,

(सही)
अर्जदार, संशोधक विद्यार्थिनी

सोबत :
१) इतिवृत्ताची प्रत, पृष्ठ ३ वरील ओळ अधोरेखित.
२) प्रबंधातील पान २१२ व हसण्याच्या अंतरांचे तक्ते.
३) लघुलेखिका बाईंचे लेखी निवेदन.
४) आईचे निवेदन. विषय न सांगता, तू त्या फिती कशा ऐकायचीस एवढेच विचारून, मागील रविवारी मी लिहून घेतलेले. एकूण दोन वाक्ये : “मला इंग्रजी कुठं येतं. ती हसली की मी हसायचे.”