मायचा निळा पंप

देवबाग,
२१ एप्रिल

प्रिय क्लेटन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुम्ही सगळे सुखरूप असालच. आम्हीही सुखरूप आहोत, असं लिहायला कालपासून हरकत नाही. परवा लिहिता आलं नसतं.

मायच्या दम्याचा निळा पंप तुला माहीत आहे. डॉक्टरांनी तो चार वेळा शिकवला: हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, आत ओढता ओढता दाबायचा आणि दहा आकडे दम रोखायचा. तिसऱ्या आकड्याला मायला काहीतरी सांगायचं आठवतं (औषध ढगासारखं बाहेर, सोबत शेजारच्या सुनेची बातमी). शेवटी आकड्यांऐवजी मारियेची प्रार्थना मनात म्हणायला लावली. ती मध्येच तोडायची मायची छाती नाही, म्हणून दम टिकू लागला.

एवढं सुरळीत झालं, तर परवा शेजारच्या महादूने कुंपणाशी वाळक्या पानांचा पातेरा पेटवला. धुराने मायला दम लागला. मी पंप दाबला तर नुसतं फुस्स. महादूनेच रिक्षा काढली आणि मालवणच्या वाटेवर, मान न वळवता, कबूल केलं की त्याच्या खोकल्यावर म्हणून माय महिनाभर त्यालाही रोज दोन दाब देत होती. हलवल्यावर आवाज येतो म्हणजे पंप भरलेला, असं दोघांचं मत. (औषध संपलं तरी गॅस येत राहतो, पंपाच्या मागचा उरलेल्या दाबांचा आकडा बघायचा असतो. मी शाळेत गणित शिकवते, पण तो आकडा मीही बघितला नव्हता.)

दवाखान्यात पोचेपर्यंत मायचे ओठ निळसर झाले होते. मास्क लावून वाफेतून तेच औषध दिलं. वीस मिनिटं माय काही बोलली नाही. क्लेटन, गेली अकरा वर्षं मी देवाकडे अर्ध्या तासाची शांतता मागत होते. त्यातली वीस मिनिटं मिळाली, तर मी ती परत घे म्हणू लागले. मग मास्क बाजूला सारून माय म्हणाली, "डॉक्टराक सांग, आधी महादूक बघ. तेचो खोकलो बरो नाय."

डॉक्टरांनी महादूलाही तपासलं. त्याचं दुखणं विडीचं निघालं, औषधं वेगळी. एकाचा पंप दुसऱ्याने घ्यायचा नाही, अशी दोघांना ताकीद मिळाली. मायला सांगितलं, निळा पंप आवळलेल्या नळ्या चार-सहा तास मोकळ्या करतो, आतली सूज तशीच राहते. तो रोज लागतो म्हणजे दमा आटोक्यात नाही. म्हणून सुजेसाठी दुसरा पंप, सकाळ-संध्याकाळ, दम लागो न लागो. औषधाने मायचे हात थरथरत होते. थोड्या वेळाने थांबतील म्हणाले, तसे थांबले. माझे घरी आल्यावर थांबले.

तुझी,
डेल्सी

ता. क. – मे महिन्यात मायला पंधरा दिवस तुझ्याकडे ने. मला झोपायचं आहे. बाकी काही नाही.

ता. क. दुसरा – नव्या पंपानंतर चूळ भरायची असते. "भरलंय" म्हणेल. डोळ्यांनी बघ.

ता. क. तिसरा – पंधरा नको, आठ. आठव्या दिवशी सकाळच्या गाडीने मीच न्यायला येते.