तीन रूळ आणि एक बिस्किट

३ मार्च

संकल्प: यंदा मॉडेल रेल्वे क्लबच्या प्रदर्शनात मधलं टेबल माझं. गेल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये मला संडासाच्या दारापाशी बसवलं. सेक्रेटरी पॅस्को म्हणे, तेवढीच जागा मोकळी होती. मोकळी का होती, ते मला नाकानं कळलं.

माझ्या छोट्या रेल्वेत यंदा एका वाटेवर तीन रूळ. रुंद गाडी बाहेरच्या दोन रुळांवर धावणार, अरुंद गाडी डाव्या आणि मधल्या रुळावर. डावा दोघींच्या सामाईक मालकीचा. आता रूळ केवढे घ्यायचे, एवढंच ठरवायचंय.

४ मार्च, सकाळ

सुचलं! रुंद गाडी अवजड, तिला जाड, उंच रूळ. अरुंद गाडी हलकी, म्हणून मधला रूळ बारीक. इतकी सोपी गोष्ट अख्ख्या डेव्हनमध्ये कुणाच्या डोक्यात आली नाही. व्हेरिटी म्हणाली, आली असेल आणि गेली असेल. बायकोला रुळांतलं काय कळतं.

९ मार्च

रूळ ठोकले. पॅस्कोचा फोन. म्हणाला, अहो हॉस्किंग, एक चाक उंचावर, एक खाली, गाडी लंगडेल ना! तिन्ही एकाच मापाचे घ्या. सल्ला मागितला होता का, असं विचारून फोन ठेवला.

अरुंद गाडी किंचित कलते. पण खऱ्या रेल्वेतही वळणावर गाडी मुद्दाम आत कलवतात. माझी सरळ वाटेवरही कलते. म्हणजे मी त्यांच्या एक पाऊल पुढेच आहे.

१४ मार्च

मधल्या टेबलासाठी क्लबची जुनी परीक्षा आहे. उघड्या डब्यात क्रीमचं बिस्किट ठेवायचं आणि पूर्ण फेरी मारायची. टिकलं तर टेबल तुमचं, बिस्किटही तुमचं.

घरी सराव. स्टेशनपाशी वळण कलाच्या उलट बाजूला आहे, तिथं बिस्किट जातं. दर वेळी. व्हेरिटीनं विचारलं, पुडा कुठाय. पडलेली बिस्किटं काय टाकून द्यायची? अन्नच ते.

१६ मार्च

माघार नाही. नाही म्हणजे नाही. फक्त कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पट्ट्या कापून मधल्या रुळाखाली सरकवल्या. आता तिन्ही रूळ एका उंचीला.

ही पॅस्कोची पद्धत नव्हे. त्यानं एका मापाचे रूळ घ्यायला सांगितले, मी वेगवेगळे घेऊन एका उंचीला आणले. ज्याला कळायचा त्याला फरक कळेल. बिस्किट जागचं हललं नाही. व्हेरिटी विचारतेय, कॉर्नफ्लेक्स पातेल्यात का ओतलेत. मोठ्या कामात असल्या कटकटी चालायच्याच.

२१ मार्च

परीक्षा. टेबल नेमकं चहाच्या उकळत्या टाकीला खेटून. मी आधी माझं तत्त्व समजावून सांगितलं, अगदी सावकाश. पॅस्को दोनदा म्हणाला, आता सोडा की गाडी! मी म्हटलं, घाई करणाऱ्यांनी रेल्वेच्या नादी लागू नये.

तेवढ्यात वाफेनं पुठ्ठा फुगला. मधला रूळ वर आला. गाडी सुटली ती आता दुसऱ्याच बाजूला झुकून. स्टेशनच्या वळणावरही बिस्किट तग धरून होतं. मग पुढच्या वळणावर घसरलं ते थेट पॅस्कोच्या चहात. त्या माणसानं ते चमच्यानं काढलं आणि खाल्लं. माझ्यासमोर! माझं बिस्किट!

दोष रुळांचा नाही, वाफेचा. लेखी तक्रार करणार आहे.

२८ मार्च

प्रदर्शन. जागा तीच, संडासाच्या दारापाशी. मधल्या टेबलावर पॅस्को.

पण गर्दी कुणाकडे? माझ्याकडे! पॅस्कोपुढे तुरळक माणसं आणि माझ्या टेबलासमोर भिंतीपर्यंत लोक उभे. व्हेरिटीला म्हटलं, बघ. तिनं माझा कोट झटकला.

एक बाई तर बराच वेळ हलल्याच नाहीत. कधी गाडीकडे बघत होत्या, कधी माझ्याकडे. शेवटी मीच त्यांना सगळं सांगितलं. जाड रूळ, बारीक रूळ, पुठ्ठा, वाफ, पॅस्कोचा चहा. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

मी थांबलो. त्यांनी हळूच विचारलं, रांग इथूनच ना?

मी म्हटलं, हो, इथूनच.