हिचं घर इथं आहे

स्प्रूस फोर्क, मिनेसोटा
९ नोव्हेंबर २०२२

प्रिय आर्डिस,

तू बरी आहेस आणि तुझा गुडघाही फार कुरकुरत नाही, असं धरून चालते. इकडे पहिला बर्फ पडून गेला. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाल्यामुळे गावातले सगळे बाप्ये नारिंगी जाकिटं घालून हिंडताहेत. ओर्विलला आता जवळजवळ ऐकूच येत नाही, तरी काल मतदानाच्या टेबलापाशी नावं नोंदवायला तोच बसला होता.

सकाळपासून तू फोन करते आहेस आणि मी उचलत नाही. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते, म्हणून हे पत्र.

ब्रिटा माझ्याकडे आहे. सप्टेंबरपासून, वरच्या खोलीत. तू विचारलंस तेव्हा "मला काय माहीत तुझी लेक कुठे आहे" म्हणाले, ते धडधडीत खोटं होतं. वेळ आली तर पुन्हा बोलेन. उन्हाळ्यात ती मैत्रिणीकडे लपली होती, तो पत्ता ट्रॉयला कुणी दिला? "नवराच आहे, समजूत काढेल" म्हणून तूच. त्या समजुतीत पोरीचं मनगट मोडलं.

काल सकाळी ती कोट घालून समोर उभी राहिली. "मावशी, मला मत द्यायचंय."

"डोकं ठिकाणावर आहे ना? इथल्या यादीत तुझं नाव नाही."

"आजच्या आज नोंदवतात. पत्त्याचा कागद नसला तरी चालतं. या भागातल्या मतदारानं शपथेवर सांगायचं, हिचं घर इथं आहे म्हणून. तू सांग."

"चारचौघांत? अगं, त्याच्या कानावर जाईल!"

"जाऊ दे. पडदे ओढून बसायचा वीट आलाय मला. मी कुठंच राहत नाही असं किती दिवस वागू?"

मी हट्टानं नाही म्हणायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून गाडीची किल्ली घेतली.

टाउन हॉलमध्ये रांगेत उभ्या राहिलो आणि आमच्या मागे कर्ट येऊन उभा राहिला. ट्रॉयचा शिकारीतला जोडीदार. "चल घरी," मी कुजबुजले. ती जागची हलली नाही.

ओर्विलनं कानामागे हात धरला. "ही राहते कुठं?"

मी हळूच सांगितलं.

"मोठ्यानं बोल गं, मार्लिस! चर्चमध्ये नाही आपण."

कर्ट टक लावून बघत होता. अजूनही "चूक झाली" म्हणून तिला हाताला धरून बाहेर नेता आलं असतं. मग मी हात वर केला आणि अक्षरशः ओरडले, "माझ्या घरात राहते! माझी भाची आहे, आणि तिचं घर तेच आहे!"

"हां, आता कसं," ओर्विल म्हणाला, आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

ती आडोशाला मत देत होती, तेवढा वेळ मी पर्स छातीशी धरून कर्टच्या वाटेत उभी होते. बाहेर पडताना त्यानं गाठलंच. "ट्रॉयला सांगतो हं, मजेत आहेस म्हणून."

"सांग," ब्रिटा म्हणाली. "पत्ता नीट ऐकलास ना?"

इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता, आणि इतकी भीतीही.

कुलपं बदलली आहेत, शेरीफलाही कळवलंय. तरी रस्त्यावर गाडी वाजली की दोघी खिडकीशी धावतो. ट्रॉय अजून आलेला नाही. तो आधी तुला फोन करेल, ही त्याची रीत आहे. गोड आवाजात म्हणेल, "तुम्ही म्हणत असाल तर तिला घ्यायला जातो." तुला खोटं बोलायला सांगत नाही. पत्ता आता गावभर झाला आहे. "जाऊ का?" असं त्यानं विचारलं की तू फक्त "नाही" म्हण. आईच्या तोंडून हा शब्द तिनं अजून एकदाही ऐकलेला नाही.

तुझी थोरली बहीण, पण आधी तिची मावशी,
मार्लिस