परतीची तारीख

विश्रांतवाडी, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

चि. चेतन,
जयभीम. आशीर्वाद. सूनबाई आणि माझी अक्षता बऱ्या आहेत ना.

तर काल घरी दोघं आली. आधी आला तो प्रज्ञेश. गळ्यात विजेच्या ऑफिसचं ओळखपत्र. मी म्हटलं, "मीटर मागच्या भिंतीला आहे." तो गेला बिचारा मागे, मीटर बघून आला आणि म्हणाला, "आजी, मीटर छान आहे, पण आम्ही ग्रंथालयातून आलोय." मागून ऋतुजा आली, तिथली मुख्य. लहानशी आहे, अक्षतापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी. पोहे तिने दोनदा घेतले, बरं वाटलं.

त्यांचं काम असं की राज्यातल्या सगळ्या वीजघरांच्या आणि ऑफिसांच्या ग्रंथालयांची मिळून एक यादी करतायत, कॉम्प्युटरवर. कुठलं पुस्तक कुठे आहे ते कुणालाही दिसावं, एकाने दुसऱ्याला द्यावं. मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या घरातले रतनराव तुमच्याच ग्रंथालयात असताना एस.टी.ने करायचे, पिशवीतून. ती हसली. म्हणाली, "म्हणूनच आलोय."

एका वीजघरातलं जुनं यंत्र बंद पडलंय. त्याच्या नकाशांचं पुस्तक एकच, आणि पुण्याच्या नोंदवहीत त्याच्यापुढे शेरा आहे: हरवले, जबाबदार रतन.

तेच पुस्तक, चेतन. तू तेव्हा त्याच ऑफिसात शिकाऊ होतास. "बाबा, चूक कबूल करा, मला मान वर करता येत नाही," म्हणालास. ते म्हणाले, "मी पाठवलंय, कुठे ते चिठ्ठीवर लिहिलं होतं." तू म्हणालास, "मग दाखवा की." त्यांना दाखवता आली नाही. तू नागपूरला गेलास.

त्यांची चिठ्ठीची सवय तुला ठाऊक आहे. पुस्तक दुसरीकडे गेलं की रिकाम्या जागी चिठ्ठी: काय गेलं, कुठे गेलं, कधी गेलं, परतीची तारीख. घरीसुद्धा तेच. किसणी शेजारी दिली की खिळ्याला चिठ्ठी. मी चिडायचे.

आता ऋतुजाने विचारलं, जुन्या चिठ्ठ्या घरी आहेत का. मी बिस्किटांचा डबा काढला. माझी शाळा दुसरीत सुटलेली, म्हणून तुझे बाबा जुन्या, पुस्तक परत येऊन निकाली निघालेल्या चिठ्ठ्या आणायचे; मागच्या कोऱ्या बाजूला मी अक्षरं गिरवायची. ती डबा चाळत बसली.

खरं लिहिते. तिला शोधावं लागलं नाही. तळातली चिठ्ठी मीच काढून दिली. एका बाजूला सात वेळा माझं नाव, शालन, शालन. दुसऱ्या बाजूला त्या पुस्तकाचा नंबर आणि धरणाखालच्या वीजघराचं नाव.

ती निकाली नव्हती. जागेवर ठेवायला त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलेली. धुण्याआधी मी काढली आणि गिरवायला घेतली. त्यांनी सगळं घर शोधलं. माझ्या डब्याकडे कुणाचं लक्ष जाणार? मलाही तेव्हा जोडाक्षर लागत नव्हतं. नीट वाचता आलं, तेव्हा ते गेले होते. तीन वर्षं झाली. मातीला आलास, तिसऱ्या दिवशी परत गेलास. सांगणार होते. धीर झाला नाही. तू त्यांना जे बोललास, त्यातलं अर्धं माझं होतं.

ऋतुजाने इथूनच त्या वीजघरात फोन लावला. दहा मिनिटांत उत्तर आलं: पुस्तक आहे, कपाटातच आहे, त्यांच्या यादीत चढलंच नव्हतं. मला वाटलं पोरगी बोलणार मला. तर म्हणते, "आजी, तुम्ही अक्षरं शिकलात म्हणून ही चिठ्ठी राहिली. ऑफिसात असती तर केव्हाच रद्दीत गेली असती." तिचं भलं होवो. प्रज्ञेशने कप धुवून ठेवले.

आता ते पुस्तक आणि नोंदवही घेऊन येणार आहेत. 'हरवले' माझ्यासमोर खोडणार, खाली मला सही करायला सांगणार. अंगठा नाही, सही.

आणखी एक. तुझ्या कपाटाच्या फळीवर त्यांनी एक चिठ्ठी ठेवलेली, मी कधी हलवली नाही. चेतन. नागपूर. गेल्याची तारीख आहे, परतीची जागा कोरी.

ती मंडळी शनिवारी, बावीस तारखेला, अकरा वाजता येतो म्हणाली. त्या कोऱ्या जागी मी तीच तारीख लिहिली आहे, सध्या पेन्सिलीने.

तुझी आई
शालन