टाकी भरून ठेवू नये

लिहून ठेवणार मी, ठमाबाई काशिराम घरत, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास (जन्मतारीख मास्तरांनी आपल्या मनाने घातली होती), धंदा पूर्वी मिठागर, आता घरात बसून सगळ्यांना बोलणे, राहणार पनवेल, खाडीलगतचा पाडा. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे हरेश वकिलांनी सांगितले. मला कोणी धमकावलेले नाही. मला धमकावील असा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे. कायद्याचे शब्द वकिलांचे, बाकीचे माझे. त्यांनी दोन ठिकाणी "हे गाळा, आजी" म्हटले. गाळलेले नाही.

माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची वाटणी खालीलप्रमाणे व्हावी.

एक. राहते घर, मागच्या माडांसह, माझा मुलगा प्रभाकर व सून भावना यांना दोघांना मिळून द्यावे. एकट्या प्रभाकरला देत नाही, कारण घर भावना चालवते आणि प्रभाकर घरात फक्त चप्पल शोधतो. भावनाने माझ्या मागे माझा पाटा फेकून मिक्सरची वाटणे सुरू केली तरी माझी हरकत नाही. चव जाईल, ती तिची तिने बघावी.

दोन. गळ्यातली ठुशी व हातातल्या पाटल्या मुलगी किशोरीला. तिने त्या मोडून नव्या डिझाइनचे काही करू नये. केल्यास मला सांगू नये.

तीन. पडवीतला पाणी ओढायचा पंप प्रभाकरला. हा पंप आमच्या मिठागरावरचा. पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की घासलेटवर चालायचा. भरतीचे पाणी धरून ठेवायचे, मग पंपाने वरच्या वाफ्यात चढवायचे, मग उन्हाची वाट बघायची. तो फटफट करू लागला की बगळे उडायचे आणि प्रभाकर, तेव्हा एवढासा, बांधावर नाचायचा. मिठागर गेले, आता तिथे रस्ता आहे. रस्त्यावरून जाताना मी डावीकडे बघते, तिथे आमची मिठाची रास असायची. बाकीचे लोक मोबाइल बघतात.

चार. राजदूत मोटरसायकल. ही माझ्या नावावर आहे हे पुष्कळांना माहीत नाही. मिठाच्या पैशातून घेतली, आणि पैसे माझ्या कनवटीला असायचे.

या गाडीवर मी नवऱ्याच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून बसत असे. नऊवारीचा कासोटा असला की बसता येते, त्यात नवल काही नाही. पण माझी नणंद कुमुद सगळ्या पाड्यात सांगत फिरली, "आमची वयनी पुरुषासारखी बसते, लाज नाय." कुमुद, तू आता जिवंत आहेस आणि हे वाचले जाईल तेव्हाही असशील, तू चिवट आहेस. म्हणून लिहिते. एका बाजूला लटकून बसले असते तर मोरा बंदराच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत मी केव्हाच सांडले असते. मोऱ्याच्या बंदरावर मिठाचा हिशेब आटपून आम्ही परत यायचो तेव्हा खाडीचा वारा तोंडावर, डोळ्यांत मीठ, आणि त्याच्या सदऱ्याला पेट्रोलचा वास. तो वास मला अत्तरापेक्षा आवडायचा. हे त्याला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर डोक्यावर बसला असता.

ही मोटरसायकल, चावी व कागदांसह, मी माझी नात मनस्वी प्रभाकर घरत हिला देते. दुसऱ्या कोणाचाही गाडीवर हक्क नाही.

प्रभाकरने ती कामोठ्यातल्या एका हॉटेलवाल्याला विकायचे ठरवले आहे. तो माणूस ती भिंतीवर टांगणार आहे, शोभेला. मी प्रभाकरला म्हटले, "तुज्या बापाचा फोटो भितीवर हाय तेवरा पुरे. त्याची गाडी कशाला टांगतोस?" तो म्हणाला, "आये, ती आता चालत नाय. पोरीनं वाट लावली."

इथे काय झाले ते नीट लिहून ठेवते, कारण मी मेल्यावर जो तो आपल्या सोयीने सांगेल.

माझ्या नवऱ्याचा एक नियम होता. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची. "ठमे, टाकी मोकळी ऱ्हायली का आतून गंजते," म्हणायचा. तो होता तोवर हा नियम पाळला आणि गाडीला गंजाचा डाग पडला नाही. तो गेल्यावर प्रभाकरने पाळला. या वर्षीही त्याने जेठ महिन्यात टाकी भरली, वर गोणपाट टाकले. दसऱ्याला गाडी धुतली, पुजली, झेंडूची माळ घातली आणि मनस्वी ती घेऊन निघाली. खाडीच्या पुलावर गाडी बंद पडली. पोरगी माळेसकट गाडी ढकलत घरी आली. घरात सोने द्यायला आलेले सगळे भाऊबंद बसलेले. त्यांच्यासमोर प्रभाकर म्हणाला, "पोरीच्या हातान गाडी दिली का असाच व्हतंय." सगळे हसले. मनस्वीने चावी खिळ्याला लावली, आणि तेव्हापासून ती गाडीकडे बघत नाही. आजोबांनी तिला टाकीवर पुढे बसवून चालवायला शिकवले होते.

दादू मेकॅनिकही आधी त्यांच्यातलाच. म्हणाला, "चोक वढून चालवली असंल." मी म्हटले, "आधी टाकी उघड, मंग तोंड उघड." त्याने टाकीतले पेट्रोल माझ्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढले. थोड्या वेळाने वर पेट्रोल, खाली गढूळ पाणी, आणि पाण्यात तांबडा गंज. रबराची नळी विरघळल्यासारखी हाताला चिकटत होती. दादूने डोके खाजवले. "आये, आताच्या पेट्रोलान उसाची दारू मिसळतात, इथेनॉल म्हणतात त्याला. ती हवेतला पानी पिते. लय दिस उभी ठेवली का पानी खाली बसतो. पोरीचा काय दोष नाय."

मी सरकारला शिव्या देणार नाही. मनस्वी म्हणते, ऊस आपल्याच शेतकऱ्याचा, पैसा बाहेर जात नाही. खरे असेल. दादूकडच्या नव्या गाड्या तेच पितात आणि पळतात. जुनीला पचत नाही. मला हल्ली वांगे पचत नाही, म्हणून मी वांग्यावर खटला भरलेला नाही.

ही बरणी मी प्रभाकरला दाखवली. त्याने बघितली आणि "आता काय त्याचा" म्हणून बाहेर गेला. मी त्याची आई आहे, मला कळते. पोरीचा दोष नाही म्हटले की टाकी भरणाऱ्यावर येते, आणि टाकी त्याने बापाच्या शब्दाने भरली. बापाला चुकीचा म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. म्हणून पोरीवर टाकले, ती सोसते.

प्रभाकर, तुझा बाप चुकला नव्हता. तूही चुकला नाहीस. पेट्रोल बदलले आणि आपल्याला कोणी सांगितले नाही.

पाच. मृत्युपत्रात मागची सगळी मृत्युपत्रे रद्द असे लिहावे लागते, असे वकील म्हणतात. माझे मागचे एकही नाही. त्याऐवजी मी माझा मयत नवरा काशिराम याचा "टाकी भरून ठेवावी" हा नियम या लेखाने रद्द करते. त्याच्या हयातीत त्याचे एकही म्हणणे मला रद्द करता आले नव्हते. यापुढे पावसाळ्याआधी टाकी रिकामी करावी, कारब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे, टाकीला आतून ऑईल फिरवावे. नळ्या नव्या घालाव्या. बिनइथेनॉलचे महाग पेट्रोल कुठेतरी मिळते असे दादू म्हणतो. मिळाले तर घालावे, नाही मिळाले तर रडू नये, गाडी चालवत राहावे. उभी ठेवू नये.

सहा. माझ्या दहाव्याला तेच सगळे भाऊबंद खाडीवर येतील. पिंड ठेवतील आणि कावळ्याची वाट बघतील. कावळा शिवला नाही की लोक हात जोडून "म्हातारे, पोराबाळांना सांभालू" असे काहीबाही कबूल करतात. माझ्या बाबतीत ते करू नये, सांभाळायला सगळे मोठे आहेत. प्रभाकरने उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे, "गाडी माज्या पोरीनं नाय बिघडवली," आणि चावी तिच्या हातात द्यावी.

कावळा आधीच शिवला तरीही म्हणावे. कावळ्याला काय कळते.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहून ठेवले. सही माझी आहे, अंगठा नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले होते.

सही: ठमाबाई काशिराम घरत

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळत नाही, हेही बाईंनी आम्हाला बजावून सांगितले.

साक्षीदार: १. दादू पोशा ठाकूर, मेकॅनिक
२. ॲड. हरेश मढवी

ठिकाण: पनवेल
तारीख: ९ डिसेंबर २०२५, मंगळवार