समुद्रकिनारी फुल बाह्यांचा शर्ट

२ फेब्रुवारी २०२५, वेलिगामा

पोचलो! श्रीलंका! खिडकीतून नारळ दिसतात, दारातून नारळ दिसतात, भाजीत नारळ, चटणीत नारळ, साबणालाही वास नारळाचाच. समुद्र इतका जवळ की आवाजानं फोनवर बोलता येत नाही.

घरमालकीण सोमावती. पन्नाशीची, सडपातळ, आवाज मात्र औरादच्या एसटी कंडक्टरचा. सवयीनं तोंडातून ‘अक्का’ निघालं आणि बाई थबकलीच. इथंही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात! आईला अम्मा! एवढं लांब येऊन बोलायचं काय, तर आपलं बीदरचं कन्नड. बाई खूश. मोडक्या इंग्रजीत भाड्यासोबत नाश्ताही देते म्हणाली.

उद्यापासून काम. लॅपटॉप, समुद्र आणि मी. डिजिटल नोमॅड! (गावात मात्र ‘कंपनीनं पाठवलंय’ असंच सांगितलं. नोमॅड म्हणजे भटक्या, हे ऐकून आईचा चेहरा उतरला होता.)

३ फेब्रुवारी

घात झाला!

सकाळी रत्नपालचा फोन. माझा चुलतभाऊ, आमच्या चिंताकी गावात बसून साऱ्या जगाची खबर ठेवतो. “भाऊ, तिकडं अंगावर बुद्धाचा टॅटू असला की विमानात बसवून वापस पाठवतेत म्हणं! अपमान समजतेत. तुला कसं काय सोडले?”

कसं काय म्हणजे? विमानात थंडी वाजत होती म्हणून स्वेटर घातला होता. स्वेटरनं वाचवलं!

माझ्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, तथागत आहेत. भालकीच्या धम्म मेळाव्यात, पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बसून काढून घेतले. श्रद्धेनं! आणि इथं तोच गुन्हा. टॅटूवाल्याचा हात थरथरत होता. त्यामुळं गाल जरा जास्तच भरले, डोक्यावरचा बुचडा एका बाजूला कलला, भुवया वर चढल्या. रत्नपाल तेव्हाच म्हणाला होता — “कुणावानी तरी दिसायलाय बघ. पण कुणावानी, ते ध्यानात येईना.”

परत जायची तर सोयच नाही. बसस्टँडवर माझं बॅनर लागलंय! ‘चिंताकीचे सुपुत्र राजपाल यांची परदेशी भरारी.’ त्यात मी हाताची घडी घालून उभा, टॅटू पुढं. “बॅनर उतरायच्या आत आलास तर उदगीरलाच राहा,” रत्नपाल म्हणाला. “गावात तोंड दाखवू नको.”

४ फेब्रुवारी

फुल बाह्यांचा शर्ट एकच आणलाय. धुतला. वाळेना. तसाच घातला.

५ फेब्रुवारी

किनाऱ्यावरच्या कॅफेत काम. आजूबाजूला सगळे परदेशी, चड्डी-बनियनवर, लॅपटॉप मांडीवर. मधे मी — मनगटापर्यंत बटणं लावून, निवडणूक ड्युटीवरच्या मास्तरासारखा. घामानं कीबोर्ड ओला झाला. एका ॲपमधलं मराठी, कन्नड आणि हिंदी तपासतो मी. आज तिन्ही भाषांत घामच पुसला.

इंग्रिड नावाची उंच मुलगी शेजारी बसते. तिनं विचारलं, एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या कशाला? काय सांगणार! म्हटलं, आमच्याकडची जुनी पद्धत आहे. अंग आतून थंड राहतं.

तिनं ते लिहून घेतलं!

७ फेब्रुवारी

आज अक्काचं खरं रूप कळलं. ओसरीवर बुद्धाची मोठी तसबीर आहे, रोज सकाळी दिवा आणि फुलं. त्या दिशेला पाय करून बसलेलंही तिला चालत नाही. आमच्या घरी काय वेगळं आहे? पण मागं एका पाहुण्याच्या चड्डीवर बुद्धाचं चित्र होतं म्हणे. अक्कानं त्याला बॅगेसकट रस्त्यावर काढलं. चड्डी ठेवून घेतली — पाण्यात सोडायला!

हे सांगत तिनं माझ्या ताटात भात वाढला. वाढून झाल्यावर बोट माझ्या बाहीकडं. काय झालंय हाताला? मी म्हटलं, खाज. तिनं कुठलंसं हिरवं तेल आणून दिलं.

रात्री पोलिसाचं नाही, त्या चड्डीचं स्वप्न पडेल असं वाटतंय.

८ फेब्रुवारी

इंग्रिड फुल बाह्यांत आली. तिचे दोन मित्रही. ‘खरंच थंड वाटतं!’ म्हणाले. तिघंही शेंदरासारखे लाल झाले होते.

समुद्रात अजून पाय घातलेला नाही. सगळे लाटांवर लोळतात आणि मी वाळूत बसून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खातो. हे असं बेट बघायला आलो होतो का मी? वैताग आलाय!

९ फेब्रुवारी

आईचा व्हिडिओ कॉल. फोन कपाटाला टेकवून, बुचडा आवळत बोलत होती.

“राजपाल, बाह्या वर कर की रे! बुद्ध झाकून कामून बसलास?”

“थंडी हाय आई.”

“थंडी? अन् घाम कामून गळायलाय?”

फोन समुद्राकडं फिरवला. समुद्राचं तिला काही नाही. तिला विहार बघायचाय. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा तिचे वडील पोरसवदा होते. बुद्धाचे देश आपल्या घरातल्या कुणीतरी बघावेत, असं ते सारखं म्हणायचे. “पौर्णिमेला फुलं वाहा. मला फोनमध्ये दाखव. माझं येणं तर काय होत न्हाई आता.”

गुडघे धरून बसली होती. नाही म्हणवलं नाही मला.

११ फेब्रुवारी

उद्या माघ पौर्णिमा. इथं सुट्टी असते. अक्कानं स्वतःहून सांगितलं, सकाळी विहारात चल, पांढरे कपडे घाल. पांढरा शर्ट आहे — हाफ! म्हणजे तोच निळा, ओला. पकडलो गेलो तर बॅनर, नोकरी, आई... आई सगळ्यात जास्त. बघू.

१२ फेब्रुवारी

जमलं!!

सगळं गाव पांढऱ्यात, मी एकटा निळ्यात. अक्कानं नाक मुरडलं, पण कमळं हातात दिली. फोन लावला. भन्तेजींनी त्रिसरण सुरू केलं आणि फोनमधून आईनंही! चाल वेगळी, शब्द तेच. आईचा वेग आपल्या गावच्या विहारातला, त्यामुळं पंचशील सगळ्यांच्या आधी संपवून मोकळी. लोक वळून बघायला लागले. अक्कानं माझ्या हातातून फोन ओढला. बघते तर लांबच्या देशातली एक बाई हात जोडून बसलेली, तेच शब्द म्हणत! मला वाटलं रागावते की काय. तिनं फोनसमोर कमळ धरलं. आईनं तिकडून हात पुढं केला, घेतल्यासारखा.

मला रडू आलं. खोटं कशाला लिहू.

मग आईनं माझ्याकडं बघून बाही वर करायची खूण केली. मी नेटवर्क गेल्यासारखं केलं.

१३ फेब्रुवारी

अक्कानं आईचा नंबर घेतलाय. दोघी सकाळपासून बोलतायत. एकीला सिंहली, दुसरीला मराठी. तासभर! काय बोलतात देव जाणे. हसतात मात्र.

१४ फेब्रुवारी

नाश्त्याला बसलो होतो. अक्का फोन घेऊन आली, पडद्यावर आई. आई आपल्या उजव्या हातावर थापटून खुणा करत होती. अक्काला वाटलं, माझ्या खाजेचं विचारतेय. तिनं माझा हात धरला आणि बाही सरळ कोपरापर्यंत वर केली.

मी डोळे मिटले. बॅग भरायची मनात तयारी.

डोळे उघडले तर अक्का हाताकडं बघतेय, मग फोनकडं, मग परत हाताकडं. भरलेले गाल. कललेला बुचडा. चढलेल्या भुवया.

“अम्मा!” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

“व्हय, व्हय!” पलीकडून आई. “बुद्ध!”

मी पहिल्यांदाच नीट बघितलं. आईच होती. एवढे दिवस झाकून ठेवली होती.

शर्ट काढून खुंटीला टांगला आणि पोहायला गेलो.